पोटाचा नवस

टोस्टचा ग्लास बाबांनी नुसता ओठाला लावायचा, असं ठरलं होतं. रोझलिननं ते बाबांना बजावलं होतं, क्लेमेंटीन वहिनीला सांगितलं होतं, आणि सकाळी चर्चमध्ये मिस्साला निघताना बाबांच्या कोटाची कॉलर नीट करता करता पुन्हा एकदा कानाशी म्हटलं होतं, "पोटाच्या या गोळ्यांवर दारूचा थेंब चालत नाही, बाबा. वाइनसुद्धा नाही." बाबांनी मान हलवली होती. मांडवात सगळ्यांबरोबर ती टाळ्या वाजवत होती, पण तिचे डोळे त्या ग्लासावर होते.

तिच्या आई-बाबांच्या, सेबेस्टियन आणि रेजिनाच्या, लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. वसईजवळच्या पापडी गावात घरासमोर मांडव घातला होता, मागे केळीची बाग, बाजूला पातेल्यांतून इंद्यालाच्या रश्श्याचा वास. अर्धं गाव जेवायला आलं होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सेबेस्टियनची तिन्ही मुलं एका छताखाली उभी होती. थोरला ऑगस्टीन बायकोला, मालूला, घेऊन नाशिकहून आला होता. तो आला म्हणून लोक त्याच्याकडे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते.

धाकट्या एडवर्डनं आई-बाबांच्या हातात ग्लास दिले. लाल, घरी केलेली वाइन. कुणीतरी टोस्ट म्हणून दोन शब्द बोललं, सगळ्यांनी ग्लास उंचावले. रेजिनानं एक घोट घेतला. सेबेस्टियननं ग्लास ओठाला लावला, आणि खाली घेतलाच नाही. शेवटचा थेंब संपेपर्यंत तो पीत राहिला. मग रिकामा ग्लास टेबलावर ठेवून तो सरळ ऑगस्टीनकडे पाहत उभा राहिला.

टाळ्या जोरात झाल्या. म्हाताऱ्यात अजून दम आहे, असं कुणीतरी हसत म्हणालं.

रोझलिन पुढे सरकली, पण वाटेत माणसं होती, खुर्च्या होत्या, फोटो काढणारा होता. ती पोचेपर्यंत बाबांचा चेहरा बदलायला लागला होता. आधी कान लाल झाले, मग मान, मग कपाळ. चेहरा भाजल्यासारखा तांबडा दिसायला लागला. कपाळावर घाम फुटला.

"बाबा, बसा," ती म्हणाली.

"छातीत धडधडतंय," सेबेस्टियन म्हणाला. "डोकं फुटतंय, रोझ."

खुर्ची ओढेपर्यंत तो वाकला आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर ओकला. जे बाहेर आलं ते लाल होतं.

रेजिना उठून उभी राहिली. मांडव एकदम शांत झाला. मागून कुठून तरी एक बाईमाणूस म्हणालं, "रक्त."

*

बाबांना उचलून आत आणताना एडवर्डला आठवत होतं ते बहात्तर साल. तेव्हाही असंच. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि बाबांना त्यानंच बागेतून खांद्यावर टाकून घरात आणलं होतं. ऑगस्टीन सेमिनरी सोडून, ट्रंक घेऊन, दोन दिवसांपूर्वी घरी आला होता. मला पाद्री व्हायचं नाही, एवढंच तो म्हणाला होता. बाबा त्यावर काही बोलले नव्हते. दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी बागेत रक्त ओकले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाले, त्याला माझ्यासमोर आणू नका. ऑगस्टीन त्याच संध्याकाळी गेला.

तेव्हापासून घरात ते एक वाक्य होतं. ऑगस्टीननं बाबांचं पोट जाळलं. भाताला उशीर झाला, पाहुणे आले, बाबा रात्री उठून पलंगावर बसले, पोटावर उशी दाबून पुढे वाकले, की कुणीतरी ते म्हणायचंच. सोड्याच्या पुड्या गेल्या, गुलाबी औषधाच्या बाटल्या आल्या. मग रॅनिटिडीनच्या गोळ्या आल्या, त्या घेतल्या की महिनाभर बरं वाटायचं, सोडल्या की पुन्हा आग. वाक्य मात्र तेच राहिलं. एडवर्डनं ते स्वतःच्या मुलांनासुद्धा सांगितलं होतं.

आणि नऊ-दहा दिवसांपूर्वी रोझलिननं त्याला न विचारता बाबांना मुंबईला नेलं, ती नर्स होती त्या हॉस्पिटलात. पोटात दुर्बीण घालून बघितलं. बरोबर जायला तिनं कुणाला बोलावलं, तर ऑगस्टीनला.

पलंगावर निजवलं तेव्हा बाबांचे हात थंड होते आणि चेहरा अजून लालच होता. रोझलिन नाडी धरून बसली.

"भरभर चाललीय," ती म्हणाली. "दादा, पायाखाली उशा दे. दोन. तीन."

ऑगस्टीननं उशा आणल्या. एडवर्डनं त्याच्या हातातून त्या घेतल्या आणि स्वतः ठेवल्या.

"हे रक्त आहे का, रोझ?" रेजिनानं विचारलं. ती दारात उभी होती, हातात अजून सकाळच्या फुलांचा गुच्छ होता.

"मला वाटतं वाइन आहे, आई. जुन्या जखमेतून आलेलं रक्त काळपट असतं, चहाच्या चोथ्यासारखं. आणि हा लाल चेहरा, ही धडधड, ही ओकारी... या गोळ्यांमधली एक आहे, टिनिडाझोल. तिच्यावर दारू घेतली की असंच होतं. म्हणून तर मी सांगितलं होतं."

"तुला वाटतं," एडवर्ड म्हणाला. "तुला नक्की माहीत नाही."

रोझलिन घड्याळ बघून नाडीचे ठोके मोजू लागली.

क्लेमेंटीन पाण्याचा तांब्या घेऊन आत आली होती. एडवर्डची बायको, या घराचं सगळं तीच बघायची, बाबांच्या गोळ्यासुद्धा. तांब्या ठेवून ती रोझलिनजवळ आली आणि हळूच म्हणाली, "एक सांगायचं राहिलं, रोझ. आठ दिवसांपासून बाबांना परसाकडे काळं होतंय. अगदी काळं."

"काळं?" एडवर्ड वळला. "रक्त पडत असलं की काळं होतं. मागच्या वेळी डॉक्टर तेच म्हणाले होते. आणि तू मला बोलली नाहीस?"

"बाबा म्हणाले, कुणाला सांगू नको."

"बिस्मथ," रोझलिन म्हणाली. "एडू, त्या गोळ्यांत बिस्मथ आहे. पोटातल्या जखमेवर त्याचा लेप बसतो. त्यानं शी काळी होतेच, सगळ्यांची होते."

"वर लाल, ते वाइन. खाली काळं, ते गोळी," एडवर्ड म्हणाला. "माणूस डोळ्यासमोर चाललाय आणि तुझ्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार आहे."

हे ऐकल्यावर रोझलिनचा हात बाबांच्या मनगटावर थांबला. तिला ते माहीत होतं, आणि तेच तिला छळत होतं. दोन्हीला साधं कारण होतं. पण बिस्मथमुळे शी काळी होत असताना जखमही वाहत असली, तर ती कळणार कशी? वाइन ओकताना थोडं ताजं रक्त त्यात मिसळलं असलं तर? एखाद्या परक्या पेशंटच्या पलंगाशी ती हे दोन मिनिटांत सांगू शकली असती. इथे पलंगावर बाबा होते, आणि या गोळ्या तिनंच आणल्या होत्या.

"दवाखान्यात न्यायचं," ती म्हणाली. "आत्ता. एडू, गाडी काढ."

एडवर्डनं टेबलावरची गोळ्यांची पिशवी उचलली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. "गाडी काढतो. पण या गोळ्या आता बंद. यापुढं बाबांना काय द्यायचं ते मी ठरवीन."

"मी बरोबर येतो," ऑगस्टीन म्हणाला.

"तू मागच्या वेळी कुठं होतास?"

ऑगस्टीननं ते ऐकून घेतलं. मग तो बाबांच्या डोक्याच्या बाजूला गेला आणि त्यांच्या काखेत हात घातले. एडवर्डला पायाकडची बाजू धरावीच लागली.

*

वसईतल्या त्या नर्सिंग होममध्ये रविवारी दुपारी एकच डॉक्टर होता, तरुण, चष्मेवाला. त्यानं आधी ब्लडप्रेशर बघितलं आणि सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं. रोझलिन त्याला भरभर सांगत गेली: अल्सर, पोटातला हेलिकोबॅक्टर जंतू, कोणत्या गोळ्या, कधीपासून, किती वाइन. तो ऐकत होता आणि मान हलवत होता.

"तुमचं बरोबर असेल, सिस्टर," तो शेवटी म्हणाला. "तशी रिअ‍ॅक्शनच दिसतेय. पण रक्त नाही हे मी नुसतं बघून म्हणणार नाही. नाकातून नळी घालतो, पोट धुतो. साफ आलं तर ठीक. नाही तर आज रात्री यांना मुंबईला हलवावं लागेल, आणि ऑपरेशनही लागू शकतं. त्यांचं वय बघता मी खोटं सांगणार नाही."

रोझलिन आणि रेजिना आत थांबल्या. बाकीचे बाहेर आले. मालू पाहुण्यांसाठी पापडीलाच थांबली होती.

व्हरांड्यात एक बाक होता. क्लेमेंटीन त्यावर बसली. ऑगस्टीन खिडकीशी उभा राहिला. आतून नळी घालताना बाबांचा कण्हण्याचा, ओकण्याचा आवाज येत होता. पन्नाशीला आलेला, शाळेत मुलांना भूगोल शिकवणारा हा माणूस, पण तो आवाज ऐकताना त्याला तोच बावीस वर्षांचा पोरगा झाल्यासारखं वाटत होतं. तेव्हाही तो असाच एका दवाखान्याबाहेर उभा होता. आत जायची परवानगी नव्हती.

नऊ-दहा दिवसांपूर्वी मुंबईत मात्र तो आत होता. दुर्बिणीनं बाबांच्या पोटातला एवढासा कण काढून डॉक्टरनं पिवळ्या औषधाच्या थेंबात टाकला होता, आणि थोड्या वेळानं ते पिवळं औषध गुलाबी झालं होतं. डॉक्टर म्हणाला होता, हा बघा जंतू. बहुतेक लहानपणापासूनच पोटात असतो. लोक म्हणतात काळजीनं अल्सर होतो, रागानं होतो, तिखटानं होतो. पण मूळ हा. दोन आठवडे गोळ्या घ्या, मरेल. ऑगस्टीननं तेव्हा बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. त्याला वाटलं होतं, बाबांना बरं वाटेल. बाबा मात्र त्या गुलाबी थेंबाकडे असे बघत होते, जसं कुणी त्यांच्या हातातलं काही काढून घेतलं असावं.

"बोल ना," एडवर्ड म्हणाला. तो येरझाऱ्या घालत होता. "सत्तावीस वर्षांनी येऊन चांगलं काम केलंस. जंतू म्हणे. म्हणजे तुझ्यावरचं सगळं पुसलं. त्यासाठीच गेलास ना बाबांना घेऊन?"

"रोझनं बोलावलं म्हणून गेलो."

"आणि मी? मी मेलो होतो? इतकी वर्षं रात्री उठून दूध गरम करून देणारा मी. बागेतलं काम टाकून केमिस्टकडे पळणारा मी. पोट दुखायचं तेव्हा माझ्यावर हात उगारायचे, तेही मी सहन केलं. आणि एक दिवस हॉस्पिटलात जाऊन येणारा मोठा झाला."

"एडू, मी तसं म्हटलं नाही."

"तू काहीच म्हणत नाहीस. तेच तुझं बरं असतं. पण आज बाबांचं काही झालं, तर या गोळ्यांनी झालं. तुझ्या आणि रोझच्या."

"एडवर्ड," क्लेमेंटीन म्हणाली.

ती बाकावरून उठली नव्हती. हात मांडीवर ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "गोळ्यांवर दारू चालत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. परवा, जेवताना. तुम्ही म्हणालात, एका ग्लासानं काय होतंय, लोकांसमोर बाबांच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचा का."

एडवर्ड थांबला.

"मी रोझला सांगायला पाहिजे होतं," क्लेमेंटीन म्हणाली. "नाही सांगितलं. घरात अजून एक भांडण नको म्हणून. तुमची बायको आहे म्हणून मी आता गप्प बसेन, असं मात्र नाही. भाऊजींना हे बोलू नका."

एडवर्डनं बायकोकडे बघितलं, मग भावाकडे. ऑगस्टीनला वाटलं तो आता ओरडेल. पण एडवर्ड एकदम बाकावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला वाटलं," तो हातांच्या आडून म्हणाला, "मला वाटलं एक दिवस तरी ते साध्या माणसासारखे दिसावेत. बाकीच्यांसारखे."

आतला आवाज थांबला होता. ऑगस्टीन खिडकी सोडून आला आणि बाकाच्या टोकाला बसला. दोघा भावांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली.

दार उघडून डॉक्टर बाहेर आला. त्याच्या हातमोज्यांकडे तिघांनीही एकदम बघितलं.

"पहिलं पाणी लाल आलं," तो म्हणाला. "दुसरं फिकट. नंतरचं अगदी साफ, नुसतं पित्त. रक्त नाही. ती वाइनच होती. ब्लडप्रेशर चढतंय. हिमोग्लोबिन बघितलं, आधीच्या रिपोर्टइतकंच आहे, म्हणजे काळं होतंय तेही गोळीचंच असणार. आज इथं ठेवू. आता गोळ्यांचं. त्या मध्येच सोडायच्या नाहीत. अर्धवट सोडल्या तर जंतू मरत नाही, उलट हट्टी होतो. आत्ताच्या त्यांच्या उलटीत गेल्या असतील, संध्याकाळपासून पुन्हा सुरू करा. आणि वाइन नाही. थेंबही नाही. गोळ्या संपल्यावर आणखी तीन दिवस नाही."

"म्हणजे बाबा ठीक आहेत," क्लेमेंटीन म्हणाली आणि बाकावरून उठली.

*

संध्याकाळी खोलीत सगळे होते. सेबेस्टियन उशांना टेकून बसला होता. चेहऱ्यावरची लाली ओसरून आता तो राखेसारखा दिसत होता. नळी काढली होती. रेजिना पलंगाच्या कडेला बसली होती.

रोझलिननं एडवर्डकडे हात पुढे केला. एडवर्डनं खिशातली पिशवी काढून दिली, तिच्याकडे न बघता. रोझलिननं गोळ्या वाटीत काढल्या.

"मी नाही घेणार," सेबेस्टियन म्हणाला.

"बाबा, डॉक्टर म्हणाले..."

"ऐकलं मी. मी बहिरा नाही." घसा खरवडला गेल्यामुळे त्याचा आवाज घोगरा होता. "आणि एडूला कुणी काही बोलायचं नाही. त्यानं ग्लास दिला, मी प्यालो. रोझनं मला सकाळी सांगितलं होतं. मला माहीत होतं."

"मग का, बाबा?" रोझलिन म्हणाली.

सेबेस्टियननं तोंड फिरवलं. तो भिंतीकडे बघत राहिला.

रेजिनाला मात्र ते उत्तर माहीत होतं. मुंबईहून आल्यापासून, रोज सकाळ-संध्याकाळ, हा माणूस गोळी हातात घेऊन कसा बसायचा ते तिनं बघितलं होतं. पन्नास वर्षं ती त्याच्या शेजारी निजली होती. त्याचं पोट तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. आणि एक गोष्ट तिला ठाऊक होती, जी या तिघा मुलांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. ती न सांगण्याचं त्यानं तिच्याकडून वचन घेतलं होतं, आणि तिनं ते पाळलं होतं. घरात ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हाही ती गप्प बसली होती. दुसऱ्यांदाही. मग सवय झाली.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" ती म्हणाली.

"रेजिना."

"मी सांगते." तिनं वळून थोरल्याकडे बघितलं. "ऑगस्टीन, तू सेमिनरीतून आलास तेव्हा यांचं पोट दुखायला लागलं नाही. ते त्याच्या कितीतरी आधीपासून दुखत होतं. रोझ माझ्या पोटात होती तेव्हा हे बागेत केळीला धरून उभे राहायचे, सरळ होता यायचं नाही. एकदा असंच रक्त पडलं. फादर येऊन मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं तेल लावून गेले. तेव्हा यांनी मरीयामातेला नवस केला. माझं पोट बरं कर, माझा थोरला मुलगा तुझ्या कामाला देईन."

एडवर्ड दाराकडे सरकला.

"आणि बरं वाटलं," रेजिना म्हणाली. "खरंच वाटलं. काही वर्षं दुखलं नाही. तू पंधराचा झालास, आणि तुला पाठवलं. तुला विचारलं नाही. तुला वाटलं असेल बाबांची इच्छा म्हणून. ती इच्छा नव्हती, फेड होती."

ऑगस्टीन पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं लोखंडी कड धरली होती. "मी तिथं सात वर्षं स्वतःला विचारत होतो," तो सावकाश म्हणाला, "की मला देवाचं बोलावणं का ऐकू येत नाही. बाकीच्यांना येतं, मलाच का नाही. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी वाईट आहे."

"तू परत आलास," सेबेस्टियन भिंतीकडे बघतच म्हणाला, "आणि तिसऱ्या दिवशी रक्त पडलं. तिसऱ्या दिवशी. मी काय समजायचं होतं? देवाला दिलेलं मी परत घेतलं, देवानं त्याचं परत घेतलं. तुझ्याकडे बघितलं की मला ते दिसायचं." तो थांबला, श्वास घेतला. "आता हा डॉक्टर म्हणतो जंतू. मी पोरगा होतो तेव्हापासूनचा. म्हणजे नवसानं बरं झालं नव्हतं, आणि तू आलास म्हणून बिघडलंही नव्हतं. मग मी तुला कशासाठी दिलं? आणि कशासाठी घालवलं? आणि ह्या गोळ्यांनी मला बरं वाटलं तर? या वयात मी ते घेऊन काय करू? म्हणून तो ग्लास संपवला."

"तर बरे व्हा," रेजिना म्हणाली. "तेवढंच करा. बाकीचं आम्ही बघू."

ती हे रागानं म्हणाली नाही. पण इतक्या वर्षांत ती त्याच्याशी अशी कधी बोलली नव्हती, आणि ते सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात एडवर्ड म्हणाला, "आणि माझं?"

तो दाराशी उभा होता. आवाज मोठा नव्हता. "दादाचा काही दोष नव्हता. बाबांचाही नव्हता, त्यांना माहीत नव्हतं. सगळे मोकळे झाले. मला त्या वर्षी जहाजावर नोकरी लागली होती. कपडे शिवून झाले होते. बाबा आजारी पडले, दादा गेला, मग बागेकडे कोण बघणार, म्हणून मी राहिलो. मला वाटायचं, दादानं केलं त्याची भरपाई मी करतोय. रोज सकाळी उठताना मला तेवढं एक होतं. आता ते पण नाही."

"एडू..." ऑगस्टीन म्हणाला.

"तू नको बोलूस. तू बरोबर बोलशील, आणि मला ते ऐकायचं नाही."

क्लेमेंटीन नवऱ्याजवळ गेली. तिनं त्याला हात लावला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. दुपारी व्हरांड्यात ती त्याच्याविरुद्ध बोलली होती. आता ती त्याच्या बाजूला होती, आणि तिच्या दृष्टीनं त्या दोन्हीत काही फरक नव्हता.

रोझलिनच्या हातात वाटी तशीच होती. सेबेस्टियननं ती बघितली. मग त्यानं हात पुढे केला. रोझलिननं गोळ्या त्याच्या तळव्यावर एकेक करून ठेवल्या. त्यानं त्या तोंडात टाकल्या, पाण्याबरोबर एकेक गिळली. दुखऱ्या घशातून जाताना प्रत्येक वेळी त्याचे डोळे मिटत होते. चारही गेल्यावर त्यानं रिकामा तळवा रोझलिनला दाखवला.

"उद्या शाळा आहे का तुझी?" त्यानं ऑगस्टीनला विचारलं.

"आहे."

"सुट्टी घे."

"घेतो," ऑगस्टीन म्हणाला.

एडवर्डनं घड्याळाकडे बघितलं. "मी घरी जाऊन येतो. मांडवात लोक थांबलेत, मालू वहिनी एकटी आहे. त्यांना काहीतरी सांगावं लागेल." तो वळला.

"एडू."

"बाबा, लोक थांबलेत."

"थांबू देत. सगळे जेवून जातील." सेबेस्टियननं पलंगाच्या कडेला सरकून जागा केली. एवढ्यानंही त्याला दम लागला. "तुझं काय, असं विचारलंस ना आत्ता. मला उत्तर येत नाही. पण ते जहाज कुठलं होतं, कुठं जाणार होतं, हेसुद्धा मी तुला कधी विचारलं नाही. इथं बस. सांग मला."

एडवर्ड दारात उभा राहिला. क्लेमेंटीननं त्याच्याकडे बघितलं नाही, कुणीच बघितलं नाही.

मग तो आला आणि बापाच्या पायाशी बसला.

"आधी कोलंबो," तो म्हणाला. "मग सिंगापूर."